साहेबांच्या बायकोला बाहेर जेवायचंय

"काहीही कर, पण जागा तू ठरवू नकोस," आई मला फोनवर म्हणाली होती. "बाहेर जेवायला जाताना जागा नेहमी दुसऱ्याला ठरवू द्यावी. जेवण चांगलं झालं तर नाव स्वयंपाक्याचं होतं, आणि बिघडलं तर जागा ठरवणाऱ्याचं."

"आई, एक साधं हॉटेल ठरवायचंय. लग्न नाही."

"लग्न परवडलं. ते एकदा ठरलं की लोक निदान गप्प बसतात."

मी हे हसण्यावारी नेलं. एक तर त्या वेळी माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात नाकात घालायचे थेंब होते, आणि ज्या नाकात ते घालायचे होते ते नाक रांगत पलंगाखाली निघून गेलं होतं. दुसरं म्हणजे, अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करताना 'अनेक पर्यायांमधून ग्राहक निवड कशी करतो' या विषयावर मी चांगला जाडजूड प्रबंध लिहिलेला आहे. असा प्रबंध लिहिलेल्या बाईला एक हॉटेल निवडता येऊ नये, हे मला पटण्यासारखं नव्हतं. आता पटलंय. माझ्या प्रबंधातला ग्राहक एकटा होता. त्याला सासरे नव्हते.

पण मुळात हे सगळं निघालं सासूबाईंच्या दातांवरून.

त्यांच्या हिरड्या बरेच दिवस त्रास देत होत्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा फिरवला आणि म्हणाल्या, "आजी, उरलेले सगळेच काढावे लागतील. पुढच्या बुधवारी या. काही दिवस पातळ खायचं, मग छान कवळी बसवू."

मी धसका घेतला. मला धसका घ्यायला फारसं काही लागत नाही. मुलगी झाल्यापासून शेजारच्या घरात भांडं पडलं तरी मी तिचा श्वास चालू आहे ना ते बघून येते. सासूबाई मात्र शांतपणे खुर्चीतून उतरल्या, रुमालानं तोंड पुसलं आणि विचारलं, "म्हणजे बुधवारपर्यंत चावता येईल?"

"येईल की! जे काय चावून खायचंय ते खाऊन घ्या," डॉक्टरीणबाई गमतीनं म्हणाल्या. सासूबाईंनी ते गमतीनं घेतलं नाही.

परत येताना बस सिग्नलला थांबली. बाहेर एका हॉटेलच्या काचेआड माणसं जेवत बसली होती. कुणी बशी पुढे सरकवत होतं, कुणी हसताना तोंडावर हात धरत होतं. सासूबाई बघत राहिल्या. बस हलल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मला एकदा असं बाहेर बसून जेवायचंय गं. माझ्या दातांनी."

"एकदा म्हणजे, परत एकदा? कुठे?"

"परत नाही. एकदा. मी कधी गेलेच नाही."

याचं कारण आमच्याच घरात, आरामखुर्चीत बसलेलं असतं. माझे सासरे नगरपालिकेत खाद्यतपासनीस होते. शहरातल्या हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची, हे त्यांचं काम. उंच, ताठ, बोलायला कमी. ते मागच्या दारानं आत शिरले की झुरळंसुद्धा रांगेत उभी राहत, असं त्यांच्या कचेरीतले लोक सांगतात. उभ्या नोकरीत त्यांनी कुठल्या हॉटेलात घोटभर चहा घेतला नाही. जिथं मी तपासतो तिथं माझं घर जेवणार नाही, उद्या कुणी बोट दाखवायला नको, हा त्यांचा नियम. आणि तपासायचं तर अख्खं शहर होतं. त्यामुळे सासूबाईंनी याच शहरात संसार केला, मुलगा वाढवला, सून आणली, नात खेळवली, पण हॉटेलातल्या खुर्चीला कधी पाठ टेकली नाही.

"पण आई, बाबांना निवृत्त होऊन किती वर्षं झाली!"

"झाली ना. पण नियम संपला असं कुणी मला सांगितलंच नाही."

त्यात तक्रार अशी नव्हती. रेशमाचा रंग जातो की राहतो हे विचारायचं राहून गेलं, अशा सुरात त्या बोलल्या. मी बसमध्येच ठरवलं की बुधवारच्या आत सासूबाईंना बाहेर जेवायला न्यायचं. आणि जागा मी ठरवायची.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो पुलांचे आराखडे काढतो. नदीच्या दोन काठांना जोडायचा त्याला उत्साह असतो, पण घरातल्या दोन माणसांमध्ये उभं राहायची वेळ आली की तो लॅपटॉपमध्ये शिरतो. "छान कल्पना आहे," तो म्हणाला. "तू ठरवशील ते." हे वाक्य ऐकायला प्रेमळ वाटतं. लग्नाला चार-पाच वर्षं झालेल्या बायकांना त्याचा खरा अर्थ मी समजावून सांगायची गरज नाही.

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जाऊ की. माझी काही हरकत नाही. जागा फक्त स्वच्छ हवी."

इथे मी मोठी चूक केली. मी म्हणाले, "अगदी बरोबर, बाबा."

कारण माझीही तीच काळजी होती. आमच्या मुलीला घरात सगळे फौजदार म्हणतात. ती समोर आलेली प्रत्येक वस्तू ताब्यात घेते आणि पहिला तपास तोंडानं करते. तिला घेऊन हॉटेलात जायचं म्हणजे टेबलाची खालची बाजूसुद्धा चाटण्यालायक हवी. तेव्हा एकीकडे जंतूंना घाबरणारी आई आणि दुसरीकडे जंतूंना नावानिशी ओळखणारा आजा. आम्ही दोघं समोरासमोर बसलो आणि हॉटेलं निवडायला लागलो.

"तळ्याकाठचं?" मी म्हणाले.

"त्यांच्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं."

"कधी?"

"माझी दुसऱ्या विभागात बदली व्हायच्या आधी."

"बाबा, तेव्हा तुमचा मुलगा शाळेत जात होता."

"मुलगा मोठा झाला म्हणून टाकीवर झाकण आलं, असं होत नाही."

हे मला पटलं, हेच दुर्दैव. "टाकी उघडी म्हणजे डास," मी म्हणाले. "डास म्हणजे ताप," ते म्हणाले. तळ्याकाठचं गेलं.

सिनेमागृहाच्या गल्लीतलं? तिथला स्वयंपाकी कान खाजवत असे. स्टेशनसमोरचं? बर्फ कुठल्या पाण्याचा ते कधीच कळलं नाही. काचेच्या भिंतींचं नवं? ते निवृत्तीनंतर उघडलं होतं, त्यामुळे सासरे क्षणभर अडखळले. पण इतकी काच पुसायला माणसं लागतात, ती माणसं मग भांडी कधी घासणार, असा त्यांनी प्रश्न काढला. त्यावर मी, एका प्रथम वर्गाच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीनं, मनुष्यबळाच्या वाटपाचा मुद्दा जोडला. दिवाणखान्यातून न उठता आम्ही सासरा-सुनेनं शहरातली बरीचशी हॉटेलं बंद पाडली.

सासूबाई पलीकडे शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्या एवढंच म्हणाल्या, "घाई नाही. बुधवारला अवकाश आहे."

दुसऱ्या दिवशी मी बाहेरून सल्ला घ्यायचं ठरवलं. आमच्या समोरच्या दारात बँकवाल्या काकू राहतात. आयुष्यभर कर्जाच्या अर्जांवर बसल्यामुळे त्यांचा कशावर विश्वास नाही. "आधी स्वच्छतागृह बघायचं," त्या म्हणाल्या. "जेवण काय, कुणीही सजवून आणतो. माणसाची पत स्वच्छतागृहात कळते."

जिन्यातून चढणारे खालच्या मजल्यावरचे विमाकाका थांबले. ते विमा विकतात, आणि अजून न घडलेल्या गोष्टींबद्दल इतकं डोळ्यांसमोर उभं करून बोलतात की त्या घडून गेल्यासारख्या वाटतात. "हॉटेल म्हणजे गॅस, तेल, आग," ते म्हणाले. "बाहेर पडायच्या वाटा किती ते मोजा. बाळ कुणाच्या हातात असेल? सासूबाई किती जोरात पळू शकतात?"

"त्या जेवायला चालल्यात, काका."

"तेच तर. भरल्या पोटी माणूस आणखी हळू पळतो."

मी हसले, आणि बाबागाडी घेऊन बाहेर पडले तेव्हा वाटा मोजायलाच गेले. तीन हॉटेलं पाहिली. पहिल्यात उंच खुर्चीचा पट्टा सैल होता. दुसऱ्यात दारवानानं "किती माणसं?" असं विचारल्यावर मी "आज फक्त स्वच्छतागृह बघायला आलेय," असं खरं उत्तर दिलं. त्यानंतरचं त्याचं वागणं मी विसरायचं ठरवलं आहे. तिसऱ्यात फौजदारनं एका अनोळखी गृहस्थांचा चमचा जप्त केला आणि तो उकळत्या पाण्यात धुऊन मिळेल का, असं मी विचारल्यावर त्या गृहस्थांनी बिलच मागवलं. मी घरी आले ती घामाघूम होऊन, कुणाच्या नजरेला नजर न देता.

आणि घरी काय पाहिलं? सासूबाई नाश्त्याच्या टेबलाशी एकट्याच बसल्या होत्या. टोस्ट हातात होता. त्यांनी तोंडाजवळ हात नेला, मूठ मिटली आणि ती मूठ हळूच कपड्याच्या खिशात घातली. मला बघताक्षणी हसल्या, पण ओठ मिटून.

माझं काम दिवसभर लहान मुलीच्या तोंडात काय गेलं आणि काय बाहेर आलं ते बघायचं. माझ्यापासून अशी गोष्ट लपत नाही.

"आई, दात पडला ना?"

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "ह्यांना कळलं तर बुधवारचं उद्यावर आणतील. रक्तबिक्त काही नाही. अजून आहेत पुरेसे."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनीच माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, "नाही जमलं तर नाही जमलं गं. तू जीव नको काढूस. पातळ तर घरीही मिळेल." आणि उरलेला टोस्ट त्यांनी दुधात बुडवला. आजवर त्यांनी टोस्ट कधी बुडवून खाल्ला नव्हता. करकर वाजला नाही तर तो टोस्ट कसला, असं त्या नेहमी म्हणत.

तेव्हा मात्र मी माझा प्रबंध, टाकीचं झाकण, पट्टे आणि वाटा सगळं बाजूला ठेवलं. शनिवारी जायचं. घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या हॉटेलात. तेच का, तर त्याचं नाव काढल्यावर सासरे एकदम गप्प झाले होते. टाकी नाही, बर्फ नाही, कान नाही. काही वेळानं म्हणाले, "ते ठीक असतं," आणि खिडकीबाहेर बघू लागले. अशा माणसाकडून 'ठीक' म्हणजे सुवर्णपदक, असा मी अर्थ लावला.

फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "टेबल राखून ठेवायला किमान सहा जण लागतात."

"आम्ही चार मोठे आणि एक बाळ."

"बाळ खुर्चीत बसतं की मांडीवर?"

"ते तिच्या मनावर असतं."

"खुर्चीत बसलं तर माणूस धरतो, मांडीवर बसलं तर धरत नाही."

"मग खुर्चीत बसेल."

"मग पाच झाले. एक कमी पडतो."

एका माणसापायी सासूबाईंचे दात वाया जाऊ देणं शक्य नव्हतं. मी समोरचं दार ठोठावून बँकवाल्या काकूंना बोलावलं. काकू हो म्हणाल्या, पण ते जिन्यात म्हणाल्या, आणि आमच्या जिन्यात बोललेलं खालच्या मजल्यावर आधी पोचतं. विमाकाका वर आले आणि म्हणाले, "मला बोलावलं नाहीत त्याचं काही नाही. एकट्या माणसाला सवय असते." आता यावर कुणी काय करावं? सात झाले. परत फोन केला.

"सात जणांना मोठं टेबल लागेल," ती मुलगी म्हणाली, "आणि मोठं टेबल आम्ही आठच्या खाली देत नाही."

"आठवा माणूस ऐनवेळी येणार आहे," मी म्हणाले. शनिवारी आठव्या खुर्चीत फौजदारच्या कपड्यांची पिशवी मानानं बसली. खुर्चीबाहेर तिनं पट्टेसुद्धा लोंबू दिले नाहीत. आमच्या मंडळींत सगळ्यात सभ्य तीच होती.

सासूबाई ठेवणीतले निळे कपडे घालून आल्या होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. त्या काहीच करत नव्हत्या, फक्त बघत होत्या. छताला लटकलेले दिवे, पाण्याच्या पेल्यावरचं धुकं, पलीकडच्या टेबलावर मान हलवत बसलेलं जोडपं. मी टेबल माझ्या फडक्यानं पुसलं, उंच खुर्ची पुसली, खुर्चीचे पाय पुसले. वेटर माझं पुसून होईपर्यंत अदबीनं थांबला. काकू स्वच्छतागृह बघून आल्या आणि त्यांनी मला डोळ्यानंच मंजुरी दिली. विमाकाका दाराकडे तोंड करून बसले. नवऱ्यानं मेनूकार्ड उघडलं आणि म्हणाला, "मला काहीही चालेल."

"तुझे बाबा कुठे गेले?" मी विचारलं.

"हात धुवून येतो म्हणाले."

मी फौजदारला पट्टा लावण्यात गुंतले होते, त्यामुळे वेळ किती गेला ते मला कळलं नाही. कळलं ते आवाजावरून. आतून, स्वयंपाकघराच्या बाजूनं, कुणीतरी ओरडलं, "साहेब आले!" मग भांडी पडल्याचा आवाज. मग नळ. मग खूपसे नळ. आमच्या बाजूनं भाताची परात घेऊन निघालेला वेटर अर्ध्या वाटेत उलटा फिरला. पलीकडच्या जोडप्यापुढचं सूप कुणीतरी येऊन 'माफ करा' म्हणत उचलून नेलं. बाईच्या हातात चमचा तसाच राहिला.

"आग?" विमाकाका उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, थोडं समाधानही होतं.

एक तरुण बाई लगबगीनं आमच्या टेबलापाशी आली. ती हॉटेलची मालकीण होती. "माफ करा, स्वयंपाकघर जरा वेळ थांबलंय. तपासणी आलीय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मेनूकार्ड थोडं वर धरलं. फौजदारला काखेत मारून मी आत गेले.

आत सगळे जण टोप्या घालून भिंतीला लागून उभे होते. एकानं घाईत टोपीऐवजी चाळणी घातली होती. साहेबांच्या वेळचा जुना स्वयंपाकी, त्यांची निवृत्ती ठाऊक नसल्यानं, हात पुढे करून नखं दाखवत होता. आणि मध्यभागी, बाह्या वर सरकवून, माझे सासरे मोरीवरच्या फळीखालून बोट फिरवत होते. त्यांनी एकालाही काही विचारलं नव्हतं, कुणावर आवाज चढवला नव्हता. हात धुवायला निघालेल्या माणसाचे पाय जुन्या सवयीनं वळसा घालून मागच्या दाराकडे गेले होते, आणि आत आल्यावर हात जुन्या सवयीनं फळीखाली गेला होता.

"बाबा!"

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मग बोटाकडे. बोट स्वच्छ होतं. "इथं सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "खरंच ठीक आहे गं."

"मग चला ना बाहेर. आई वाट बघतायत."

ते हलले नाहीत. मी जवळ गेले तेव्हा अगदी हळू, भिंतीकडच्या लोकांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "आत काय करायचं ते मला माहीत आहे. बाहेर बसून माणसं काय करतात?"

एवढा उंच माणूस. मला वाटलं होतं त्यांना घाण दिसते म्हणून ते हॉटेलं नाकारत होते.

"आणि ही जागा तर..." ते थांबले. "मी हे हॉटेल आठवडाभर बंद ठेवलं होतं. तेव्हा ते आताच्या मालकिणीच्या वडिलांचं होतं. तिच्यासमोर बायको घेऊन जेवायला बसायचं म्हणजे..."

मालकीण माझ्या मागे येऊन उभी होती हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. "तुम्हीच का ते?" ती म्हणाली. सासरे ताठ झाले, आणि ती हसली. "त्या आठवड्यात आमचे बाबा पहिल्यांदा रोज घरी जेवले, साहेब. आम्ही भावंडं म्हणायचो, साहेबांनी दर वर्षी बंद करायला हवं."

सासऱ्यांनी उगाच एक नळ घट्ट केला.

तेवढ्यात ढकलायचं दार उघडलं आणि पर्स छातीशी धरून सासूबाई आत आल्या. त्यांनी टोप्यांची रांग पाहिली, चाळणी पाहिली, पुढे केलेली नखं पाहिली, आणि मग बाह्या वर केलेला नवरा पाहिला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही कामावर असे दिसायचात होय?"

"तू इथं कशाला आलीस? जमीन ओली आहे."

"बाहेर उरलेल्या सात खुर्च्यांत कुणाशी बोलू? पिशवीशी?" मग त्या जवळ आल्या. "माझी एकच विचारणा आहे. तो तुमचा नियम. तुम्ही केलात, पाळला मी. तो संपला का, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

सासऱ्यांनी बाह्या खाली घेतल्या. दोन्ही मनगटांची बटणं लावली. माझ्या मते त्यांना तेवढा वेळ हवा होता. मग कचेरीत बोलावं तसं स्पष्ट म्हणाले, "संपला."

स्वयंपाकी घाबरून पुढे आला. "काय संपलं, साहेब? सगळं आहे आमच्याकडे!"

खरं तर सगळं नव्हतं. घाबरण्याच्या भरात त्यांनी तयार असलेलं बरंचसं ओतून टाकलं होतं. भात होता, थोडा पाव होता. आणि कोपऱ्यात सोललेल्या कोवळ्या मक्याच्या कणसांचा ढीग होता. सासूबाईंनी त्याकडे बोट केलं. "मला ते. भाजून."

"आई, दात!" मी म्हणाले.

"बुधवारी जाणारच आहेत. जायच्या आधी एकदा कामाला लावते."

आम्ही बाहेर आलो तेव्हा सगळं हॉटेल आमच्याकडे बघत होतं. सूप गेलेलं जोडपं तर खुर्ची फिरवून बसलं होतं. सासरे बायकोसमोर बसले, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, जणू फोटो काढायचाय. वेटर आला तेव्हा ते सवयीनं उठायला लागले. सासूबाईंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला असावा, कारण ते एकदम खाली बसले.

कणसं आली. सासूबाईंनी एक उचललं, दोन्ही बाजूंनी धरलं, फुंकर घातली. काकूंनी श्वास रोखला. विमाकाका पुटपुटले, "हे कुठल्याच पॉलिसीत बसत नाही." मी पाण्याचा पेला हातात धरून तयार. फौजदारसुद्धा, जिला दुसऱ्याच्या हातातली वस्तू बघवत नाही, गप्प बसून आजीकडे बघत होती.

करकर आवाज झाला. चांगला मोठा. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि डाव्या बाजूनं सावकाश चावत राहिल्या. काही पडलं नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि हसल्या, या वेळी ओठ न मिटता. पुढची फट, बाजूची फट, सगळं दिसलं.

"टिकले," त्या म्हणाल्या.

कुणीतरी टाळी वाजवली. बहुतेक सूपवाल्या बाईंनी.

मग सासूबाईंनी कणीस मधोमध मोडलं. अर्धं नवऱ्याच्या बशीत ठेवलं. सासऱ्यांनी ते फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं, नाकाशी नेलं, आणि मग, अख्ख्या नोकरीत जे केलं नव्हतं ते केलं. बराच वेळ चावलं. आम्ही सगळे थांबलो होतो. भिंतीआडून स्वयंपाकी डोकावत होता.

"समाधानकारक," सासरे म्हणाले.

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "उभ्या संसारात माझ्या स्वयंपाकाला हा शेरा मिळाला नाही."

"तुझ्या स्वयंपाकघराची तपासणी माझ्या कक्षेत नव्हती," ते म्हणाले, आणि मान खाली घालून दाणे काढायला लागले. मग तसेच म्हणाले, "मिळायला हवा होता."

सासूबाईंनी त्यांची बशी आपल्याकडे ओढून त्यातले जळके दाणे बाजूला केले.

फौजदारनं त्या रात्री टेबल चाटलं, मेनूकार्ड चाटलं आणि मी बघत नसताना विमाकाकांचं घड्याळही. तिला काही झालं नाही. मला दोन दिवस झोप लागली नाही.

बुधवारी दात गेले. सासूबाईंना त्रास झाला, गाल सुजला, पातळ खाऊन कंटाळा आला. पुढे कवळी आली. ती टोचते म्हणून त्या ती पर्समध्ये ठेवतात आणि जेवायला बसल्यावर लावतात.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण आज संध्याकाळी ते दोघं बाहेर गेलेत. पहिल्यांदाच दोघंच. मी म्हटलं, मी येते, फौजदारलाही आणते, फडकंही घेते. तर सासूबाई म्हणाल्या, "नको." एवढंच. मी, जिनं त्यांना बाहेरच्या खुर्चीत बसवलं, तिला "नको"! कुठे जाताय विचारलं तर सासरे म्हणाले, "बघू." फोन दोघांचाही टेबलावरच राहिलाय, आत्ता माझ्यासमोर आहे. त्या कवळी लावायला विसरल्या तर? ते एकदम उठले तर? जमीन ओली असली तर?

तेव्हा तुमच्यापैकी कुणी आज बाहेर जेवायला निघालं असेल, तर माझं एवढं काम करा. आजूबाजूला निळ्या कपड्यांतल्या, पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या एक आजी दिसतात का बघा. जवळ जाऊ नका, मी पाठवलं म्हणू नका. त्यांच्यापुढे काहीतरी आलंय ना, आणि त्या जेवतायत ना, तेवढंच बघा. आणि त्यांच्या समोरची खुर्ची रिकामी दिसली, तर कृपा करून आत स्वयंपाकघरात जा, आणि आमच्या बाबांना हाताला धरून बाहेर घेऊन या.